एडीसीच्या आउटपुटची नोंद : डेटा कॅप्चर बोर्डाची उभारणी आणि पडताळणी

सारांश

अनुरूप संकेताचे अंकांत रूपांतर करणारा परिवर्तक, म्हणजेच प्रयोगशाळेच्या नित्य भाषेतील एडीसी, हा पदवी व पदव्युत्तर स्तरावरील इलेक्ट्रॉनिक्स आणि भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा अविभाज्य घटक आहे. परंतु परिवर्तकातून बाहेर पडणारे अंक संगणकापर्यंत अखंड व अविकृत कसे पोहोचवावेत, या प्रश्नाचा विचार अध्यापनात क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात डेटा कॅप्चर बोर्डाचे कार्य, त्याची महाविद्यालयीन प्रयोगशाळेत करावयाची मांडणी आणि नोंदीच्या विश्वासार्हतेची पडताळणी यांचे विवेचन केले आहे. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीचे उदाहरण आणि लेखिकेच्या प्रयोगशाळेतील एक अनुभव यांच्या आधारे, पडताळणीवाचून केलेली नोंद ही मापन म्हणून स्वीकारता येत नाही, हा मुद्दा मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : एडीसी, डेटा कॅप्चर बोर्ड, क्लॉक, एफपीजीए, फिफो, जीएमआरटी, पडताळणी

१. प्रस्तावना

आपल्यापैकी अनेकांनी विद्यार्थिदशेत एडीसी ०८०९ ही आठ बिटांची चिप ८०५१ या मायक्रोकंट्रोलरला जोडून प्रयोग केलेला असेल. ६४० किलोहर्ट्झच्या क्लॉकवर या चिपला एका रूपांतरास सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात. रूपांतर संपल्याची खूण मिळाली की मायक्रोकंट्रोलर आठ बिट वाचतो, ते मेमरीत ठेवतो आणि पुढील रूपांतराची आज्ञा देतो. १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर ८०५१ चे एक यंत्रचक्र १ मायक्रोसेकंदाचे असते. म्हणजे दोन नमुन्यांच्या दरम्यान त्याच्याकडे सुमारे शंभर चक्रांचा अवकाश असतो. या निवांतपणामुळे नोंदणीचा प्रश्न विद्यार्थ्याला जाणवतही नाही.

आता १२ बिटांचा आणि सेकंदाला १ कोटी नमुने घेणारा परिवर्तक विचारात घेऊ. येथे दोन नमुन्यांतील अंतर केवळ १०० नॅनोसेकंद आहे. ८०५१ चे एक यंत्रचक्र पूर्ण होईपर्यंत दहा नमुने येऊन निघून गेलेले असतील. हा परिवर्तक कोणाच्या आज्ञेची वाट पाहत नाही. क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला तो एक नवा अंक बाहेर टाकतो, आणि तो टिपणारे कोणी नसेल तर तो अंक कायमचा नाहीसा होतो. हे अंक त्यांच्याच वेगाने टिपून घेणारा, काही काळ साठवणारा आणि नंतर संगणकाच्या सोयीने त्याच्या स्वाधीन करणारा मध्यस्थ म्हणजे डेटा कॅप्चर बोर्ड होय.

२. नोंदणी बोर्डाचे कार्य

कॅप्चर बोर्डाकडे तीन कामे असतात. पहिले काम योग्य क्षणी टिपण्याचे. क्लॉकचा ठोका पडल्यानंतर परिवर्तकाच्या आउटपुटवरील बिट काही नॅनोसेकंद अस्थिर असतात, मग ते स्थिर होतात आणि पुढच्या ठोक्यानंतर पुन्हा बदलू लागतात. बोर्डाने बिट स्थिर असतानाच ते टिपले पाहिजेत. १० मेगाहर्ट्झला क्लॉकची उलट कड वापरल्यास मध्ये ५० नॅनोसेकंदांची मोकळीक मिळते. १०० मेगाहर्ट्झला तीच मोकळीक ५ नॅनोसेकंदांवर येते. छापील परिपथावर संकेत एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जातो, ही गोष्ट लक्षात घेतली की जोडतारांची लांबी इतक्या काटेकोरपणे का सांभाळावी लागते याचा उलगडा होतो.

दुसरे काम साठवणुकीचे. परिवर्तकाचा वेग ठरलेला असतो, तर संगणक कधी तत्पर तर कधी अन्य कामात गुंतलेला असतो. या दोन वेगांचा मेळ फिफो या मेमरीमुळे बसतो. तिच्यात जो अंक आधी येतो तो आधी बाहेर पडतो. खेड्यातील पाणीपुरवठ्याची टाकी जे काम करते तेच ही मेमरी करते. मात्र टाकी भरून वाहू लागल्यास पाणी दिसते, फिफो भरून वाहिल्यास वाया गेलेले अंक कोणालाही दिसत नाहीत.

तिसरे काम संगणकाकडे पाठविण्याचे. याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत बोर्डाची मेमरी भरेपर्यंत नोंद करून, ती थांबवून, मग सावकाश मजकूर पाठविला जातो. दुसऱ्या पद्धतीत नोंद व पाठवणी अखंड चालू राहते. परिवर्तक तयार करणाऱ्या कंपन्या मूल्यमापनासाठी जे कॅप्चर बोर्ड विकतात ते बहुधा पहिल्या पद्धतीचे असतात. उदाहरणार्थ, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएसडब्ल्यू १४०० या बोर्डावर १ गिगाबाइट मेमरी आहे. १६ बिटांचा एक नमुना धरल्यास तीत पन्नास कोटींहून अधिक नमुने मावतात. सेकंदाला १० कोटी नमुने घेतले तरी ती नोंद सुमारे पाच सेकंदांची होते.

३. खोडद येथील जीएमआरटीचे उदाहरण

या विषयाचे महत्त्व ज्याच्यामुळे सहज ध्यानात यावे असे उदाहरण पुण्याहून सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळील खोडद येथे आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातर्फे, म्हणजे आपल्या परिचयाच्या एनसीआरएतर्फे, चालविली जाणारी जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण ४ ऑक्टोबर २००१ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आली. तीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात सुमारे एक चौरस किलोमीटरात असून उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात तीन दिशांना पसरल्या आहेत. दोन अँटेनांमधील सर्वाधिक अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे.

प्रत्येक अँटेनातून दोन ध्रुवणांचे दोन संकेत येतात. हे संकेत प्रकाशतंतूंद्वारे मध्यवर्ती इमारतीत आणून तेथे त्यांचे अंकीकरण केले जाते. दुर्बिणीच्या अद्ययावतीकरणानंतर एका वेळी कमाल ४०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा निरीक्षणाखाली घेता येतो. नायक्विस्टच्या नियमानुसार त्यासाठी सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. आठ बिटांचा एक नमुना आणि एकूण ६० संकेत धरून गुणाकार केल्यास सेकंदाला ४८ गिगाबाइट हा आकडा येतो. एका तासात तो १७० टेराबाइटच्या पुढे जातो. इतका मजकूर साठवून ठेवणे व्यवहार्य नसल्याने टिपलेले अंक रोच नावाच्या एफपीजीए बोर्डांवरून १० गिगाबिट इथरनेटद्वारे थेट जीपीयू असलेल्या संगणकांकडे जातात आणि तेथे त्याच क्षणी त्यांवर प्रक्रिया होते.

याआधीच्या, २०१० मध्ये ज्याचे वर्णन प्रसिद्ध झाले त्या जीएसबी या यंत्रणेचा पट्टा सुमारे ३२ मेगाहर्ट्झचा होता. बाजारात उपलब्ध असलेली एडीसी कार्डे संगणकांत बसवून ती उभारण्यात आली होती आणि अँटेनांचे मूळ व्होल्टेज डिस्कवर नोंदवून ठेवण्याची सोय तीत होती. आपल्या प्रयोगशाळांच्या दृष्टीने ही बाब उत्साहवर्धक आहे. सर्वांना मिळू शकणाऱ्या सामग्रीतून जागतिक दर्जाची नोंदणी यंत्रणा उभी राहू शकते, हे तिने दाखवून दिले.

खोडदच्या उदाहरणातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली गोष्ट काळाची. ८० कोटींच्या वेगाने दोन नमुन्यांतील अंतर १.२५ नॅनोसेकंद असते. तेवढ्या वेळात प्रकाश केवळ साडेसदतीस सेंटिमीटर जातो. सर्व परिवर्तक एकाच क्लॉकवर चालले नाहीत किंवा एकाच क्षणी सुरू झाले नाहीत, तर कोणता अंक कोणत्या क्षणाचा हेच कळणार नाही आणि तीस अँटेनांचे संकेत जुळविणे अशक्य होईल. अंकाचे मूल्य आणि त्याचा क्षण मिळून मापन पूर्ण होते. दुसरी गोष्ट मूळ नोंदीची. वीजवाहक तारांवरील ठिणग्यांमुळे निर्माण होणारे क्षणिक व्यत्यय ओळखून वगळण्याची सोय या दुर्बिणीत आहे. त्यासाठी नमुन्यांच्या मध्यकापासून प्रत्येक नमुना किती दूर आहे हे तपासले जाते. हे काम सरासरी काढण्यापूर्वीच करावे लागते. एकदा सरासरी निघाली की दूषित नमुना चांगल्या नमुन्यांत मिसळून जातो आणि तो वेगळा काढता येत नाही.

४. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील मांडणी

आपल्या गरजेपुरती मांडणी अशी करता येईल. संकेत जनित्र, त्यापुढे गाळणी, मग १२ बिटांचे परिवर्तक मॉड्यूल, त्यास जोडलेला एफपीजीए बोर्ड, त्यावरील फिफो, यूएसबी जोडणी आणि शेवटी संगणक. नमुन्यांचा वेग सेकंदाला १ कोटी ठेवावा. प्रत्येक नमुना १६ बिटांच्या शब्दात ठेवला तर सेकंदाला २० मेगाबाइट मजकूर निर्माण होतो. यूएसबी २.० चा नाममात्र वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट असल्याने प्रत्यक्षातील घट धरूनही अखंड नोंद शक्य होते.

गाळणीला पर्याय नाही. नमुन्यांच्या निम्म्या वेगाहून अधिक वारंवारतेचा घटक आत शिरल्यास तो खालच्या वारंवारतेचे सोंग घेऊन नोंदीत बसतो आणि मागाहून ओळखू येत नाही. शिवाय साध्या जनित्राच्या साइन तरंगात मूळ वारंवारतेच्या पटीतील घटक असतात. ते गाळले नाहीत तर जनित्राचा दोष परिवर्तकाच्या नावावर जमा होतो.

क्लॉकचा स्रोत क्रिस्टल दोलक असावा. एफपीजीएच्या आत तयार केलेला क्लॉक परिवर्तकाला देण्याचा मोह टाळावा, कारण त्यातील ठोक्यांची थरथर अधिक असते. ही थरथर १० पिकोसेकंद असेल आणि आत येणारा संकेत १० मेगाहर्ट्झचा असेल, तर संकेत-गोंगाट गुणोत्तर ६४ डेसिबेलच्या पुढे जाऊ शकत नाही. १२ बिटांच्या आदर्श परिवर्तकासाठी हे गुणोत्तर ७४ डेसिबेल असते. म्हणजे केवळ क्लॉकमुळे १२ बिटांचा परिवर्तक सुमारे सव्वादहा बिटांचा उरतो.

१६ बिटांच्या शब्दात १२ बिट मापनाचे असल्याने चार बिट मोकळे राहतात. त्यांत एक चक्री गणक ठेवावा, म्हणजे सुटलेला नमुना संगणकावर लगेच ओळखता येतो. येथे एक खाचखळगा आहे. गणक ० ते १५ असा ठेवला तर १६ च्या पटीत सुटलेले नमुने तो पकडू शकत नाही. यूएसबी २.० च्या एका पाकिटात ५१२ बाइट, म्हणजे आपले २५६ नमुने असतात आणि २५६ ही १६ ची पट आहे. अख्खे पाकीट हरवले तरी गणक सुरळीत चाललेला दिसेल. यासाठी गणक ० ते १२ असा, तेरांच्या चक्राचा ठेवावा. याखेरीज फिफो भरून वाहिल्यास एक खूण उमटावी आणि वापरकर्त्याने स्वतः पुसेपर्यंत ती तशीच राहावी, अशी तजवीज करावी.

प्रत्येक नोंदीसोबत एक साधी मजकूर फाइल ठेवावी. तीत नमुन्यांचा वेग, अंकांची पद्धत, बाइटांचा क्रम, संकेताची पातळी, गाळणीचा तपशील आणि नोंदीची वेळ लिहावी. सहा महिन्यांनंतर या माहितीवाचून ती नोंद केवळ अंकांचा ढीग ठरते.

५. पडताळणीचा क्रम

मांडणी पूर्ण झाल्यावर थेट साइन तरंग देऊन पडद्यावर आकृती पाहण्याची घाई होते. त्याऐवजी पुढील क्रम अनुसरावा.

(अ) परिवर्तक बाजूला ठेवून एफपीजीएमध्येच एकेकाने वाढणारे अंक निर्माण करावेत आणि ते संगणकावर नोंदवावेत. एकही अंक सुटता कामा नये. यातून फिफोपासून संगणकापर्यंतचा मार्ग निर्दोष असल्याचे सिद्ध होते.

(आ) परिवर्तक जोडून त्याचे आदान शून्य व्होल्टला बांधावे. द्विध्रुवी आदानाच्या १२ बिट परिवर्तकात सर्व अंक २०४८ च्या आसपास आले पाहिजेत. विजेच्या ५० हर्ट्झची गुणगुण तपासावयाची असल्यास नोंद पुरेशी लांब हवी. या वेगाने ५० हर्ट्झच्या एका आवर्तनात २ लाख नमुने येतात. ३२ हजार नमुन्यांच्या नोंदीत ती गुणगुण केवळ एक तिरपी रेघ म्हणून दिसेल.

(इ) अतिशय सावकाश चढणारे व्होल्टेज द्यावे. नोंदलेले अंक क्रमाने चढले पाहिजेत. बिटांच्या तारांची अदलाबदल याच चाचणीत उघड होते.

(ई) साइन तरंग द्यावा. तरंग मध्यरेषेवर तुटून त्याचे दोन अर्ध उलटसुलट दिसले, तर परिवर्तक अंक टू'ज कॉम्प्लिमेंट पद्धतीने देत आहे आणि आपण ते साध्या द्विमान पद्धतीने वाचत आहोत असे समजावे. मध्यरेषेजवळच अणकुचीदार काटे दिसले, तर टिपण्याचा क्षण चुकत आहे, कारण तेथे ०१११… वरून १०००… वर जाताना सर्व बिट एकाच वेळी बदलतात.

(उ) शेवटी वर्णपट काढावा. त्यासाठी नोंदीत तरंगाची आवर्तने पूर्णांकी संख्येत बसवावीत. ४०९६ नमुन्यांत ४०९ आवर्तने हवी असल्यास वारंवारता ९९८५३५.१६ हर्ट्झ ठेवावी. ४०९ ही मूळ संख्या असल्याने तेच ते नमुने पुन्हा येत नाहीत. जनित्र व क्लॉक एकाच संदर्भावर बांधणे शक्य नसल्यास योग्य खिडकी फलन वापरावे.

६. प्रयोगशाळेतील एक अनुभव

वरील क्रमातील (इ) ही चाचणी आम्ही आरंभी करीत नव्हतो. आमच्या मांडणीत साइन तरंग पडद्यावर सुबक दिसत असे. तरंगाचा आयतालेखही ग्रंथात दाखविल्याप्रमाणे दोन्ही टोकांना उंच व मध्ये सखल येत असे. मात्र गुणोत्तर ५४ डेसिबेलच्या आसपास अडकलेले असे. दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या जर्नलमध्ये याचे कारण "प्रयोगशाळेतील विद्युत गोंगाट" असे लिहिले, आणि एका प्रकल्प अहवालात तर परिवर्तकच निकृष्ट असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. त्या सर्व जर्नलांवर तपासणीची सही प्रस्तुत लेखिकेची आहे.

पुढील वर्षी एका विद्यार्थिनीने, अंक खरोखर क्रमाने येतात का, असा प्रश्न विचारला. सावकाश चढणारे व्होल्टेज दिले असता अंक ० ते ३, मग ८ ते ११, मग ४ ते ७ आणि नंतर १२ ते १५ अशा क्रमाने येताना आढळले. ४ व ८ भाराच्या बिटांच्या दोन तारा लेखिकेने स्वतः जोडताना उलट लावल्या होत्या. ४०९६ पायऱ्यांच्या तरंगात चार पायऱ्यांची चूक डोळ्यांना दिसत नाही. ही अदलाबदल सोळा-सोळा अंकांच्या गटाबाहेर जात नसल्याने आयतालेखातही तिचा मागमूस लागत नाही. गणिताने पाहिल्यास हे दोन बिट निम्म्या वेळा भिन्न असतात आणि तेव्हा चार अंकांची चूक होते. चुकीच्या वर्गाची सरासरी ८ येते, तर पूर्ण पल्ल्याच्या तरंगाची वर्गसरासरी २०९७१५२ असते. या दोहोंचे गुणोत्तर ५४.२ डेसिबेल भरते. जो आकडा आम्ही दोन वर्षे गोंगाट म्हणून लिहीत होतो तो तारांच्या अदलाबदलीचा आकडा होता.

जर्नलमध्ये नोंदलेली वाचने खोटी नव्हती. विद्यार्थ्यांनी जे पडद्यावर पाहिले तेच प्रामाणिकपणे लिहिले होते. परंतु अपेक्षेहून वीस डेसिबेल कमी आलेल्या आकड्याचे कारण न शोधता त्याला एक सोयीचे नाव देण्यात आले आणि शिक्षकाने ते मान्य केले. तारा दहा मिनिटांत बदलता आल्या. त्या दोन तुकड्यांच्या विद्यार्थ्यांना गाठून त्यांच्या निष्कर्षातील चूक सांगण्यास अधिक अवधी लागला, आणि काहींपर्यंत आम्ही पोहोचू शकलो नाही.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. वेगवान परिवर्तकाच्या वापरात कॅप्चर बोर्ड हा मापनयंत्राचाच भाग असून त्याची स्वतंत्र तपासणी आवश्यक असते. प्रत्येक चाचणी काही दोष दाखविते आणि काही झाकते, त्यामुळे एका समाधानकारक आकृतीवर विसंबून राहता येत नाही. क्लॉक, गाळणी, गणक आणि सोबतची माहिती फाइल यांवर होणारा खर्च अल्प असतो, पण त्यांच्या अभावी संपूर्ण नोंद निरुपयोगी ठरू शकते.

अध्यापनाच्या दृष्टीने एक सूचना करावीशी वाटते. प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये निरीक्षण तक्त्यापूर्वी "नोंदीची पडताळणी" हा एक स्वतंत्र रकाना असावा आणि तो भरल्याखेरीज पुढील वाचने तपासली जाऊ नयेत. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने खोडद येथे भरणाऱ्या प्रदर्शनास अनेक महाविद्यालयांचे विद्यार्थी जातात. भव्य अँटेनांसमोर छायाचित्रे घेऊन परतण्यापूर्वी, तेथील संकेत अंकांत कोठे बदलतो आणि तो बरोबर बदलला हे कशावरून ठरविले जाते, एवढा एक प्रश्न त्यांनी तेथील अभियंत्यांना विचारावा. तो विचारण्याची तयारी आपल्या प्रयोगशाळेत करून घेणे हे शिक्षक म्हणून आपले काम आहे.